जीपवरची लांब काठी

त्या दिशी अंगणात मी, सासू, पोलिसांचा डायवर आन वायरलेसवाला, येवढीच होतो. धन्याची होडी वादळातनं परतली नव्हती.

वायरलेसवाला चौकीच्या जीपसंगं नेहमी यायचा, पन कुनाच्या तोंडाकडं बघून बोलायचा न्हाय.

"एरियलची बारकी काठी लाव. लांब काठी माडांना आडकंल," डायवर म्हनला.

"माडांशी बोलायचंय, का शोधाया गेलेल्या लाँचशी?" वायरलेसवाला म्हनला.

माझ्या कोयत्यानं त्यानं काठीच्या बुडापाशी सायबाच्या जीपचा नवा रंग खरवडला. "लोखंडाला लोखंड भिडाया पायजे," म्हनत लांब काठीच बसवली.

सासू म्हनत होती, "येल गं तो."

लाँचवरचा निरोप ऐकून वायरलेसवाल्यानं कानावरचं यंत्र काढलं आन पयल्यांदा माझ्याकडं बघितलं. "वयनी, होडी गावली. मानूस न्हाय गावला."

वाचनाऱ्यांनो, कुनाला आसं सांगायची पाळी आली, तर तोंडाकडं बघून सरळ सांगा.