बगळ्याचा पुढचा अंक शोधत वर्धा, पवनार आणि देवळी

हल्ली प्रवासाचे ब्लॉग वाचले की वाटतं, माणसं घराबाहेर पडतात ती फक्त बर्फ नाहीतर समुद्र बघायला. मी आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रवास एका अमेरिकन कॉमिकसाठी केला, आणि तोही वर्धा जिल्ह्यात. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नुकतीच चिकटले होते. चित्रांच्या पुस्तकासाठी कोणी विदर्भात जातं का, असं आईने तेव्हा विचारलं होतं, तुम्हीही विचाराल. म्हणून आधी कारण सांगते आणि मग रस्ता.

माझा मोठा भाऊ सतीश, आमचा दादा, या कॉमिक्सपायी वेडा होता. कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडे ती कधीमधी यायची, आणि दादा तिथे गवळ्याकडे मांजर बसावं तसा बसलेला असायचा. आमचा लाडका होता बगळ्या. राखाडी झगा, चोचीसारखा मुखवटा, रात्री बंदरावर पहारा. त्याचं इंग्रजी नाव चांगलं भारदस्त होतं, पण दादाने बगळ्या ठेवलं आणि तेच राहिलं. आमच्या हाती आलेल्या शेवटच्या अंकात बगळ्या मरतो. शरीर धक्क्यावर पडलेलं, आत्मा वर तरंगत खाली बघतोय, आणि पानाच्या तळाशी ‘पुढील अंकी’. आम्ही तो पुढचा अंक दोन वर्षं हुडकला. तेवढ्यात, मी शाळेत असतानाच, दादाच गेला. कावीळ झाली आणि हा हा म्हणता संपलं सगळं.

त्यानंतर घरात त्याचं नाव निघेनासं झालं. आई त्याच्याबद्दल बोलत नसे आणि आम्ही तिच्यासमोर बोलत नसू. माझ्या डोक्यात मात्र दोन प्रश्न एकमेकांना चिकटून बसले होते: बगळ्याच्या आत्म्याचं पुढे काय झालं, आणि दादाच्या आत्म्याचं काय झालं? हसायचं तर हसा. ग्रंथालयातून मी आत्म्यावरची जाड जाड पुस्तकं आणून वाचली. सगळी छान होती, पण एकातही चित्रं नव्हती.

एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या बोर्डावर शोभा बसायची. ती देवळीची. एकदा डबा खाताना मी तिला बगळ्याचं सांगितलं, तर ती घास हातात धरून थांबली. “चोचवाला माणूस? मरून वर उडून राह्यला, असा? तो तर आमच्या रामटेके गुरुजींच्या वाचनालयात हाये.” सेवाग्रामच्या दवाखान्यात कोणी परदेशी पोरगा शिकायला आला होता. जाताना एक पेटीभर पुस्तकं मागे ठेवून गेला, ती रद्दीत आली आणि गुरुजींनी उचलली, असं तिला माहीत होतं. मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला. आईला सांगितलं की पवनारचा आश्रम बघायचाय आणि बगळ्याही बघायचाय. पहिल्याला ती हो म्हणाली, दुसऱ्यावर कपाळाला हात लावला. तरी वाटेसाठी धपाटे बांधून दिलेच.

जायचं असेल तर थंडीत जा, हा माझा पहिला सल्ला. मे महिन्यात वर्ध्याला जाणाऱ्याने आधी घरच्यांचा निरोप घ्यावा. मी डिसेंबरात गेले. मनमाड, भुसावळ करत गाडी बडनेऱ्याच्या पुढे गेली तसा दोन्ही बाजूंनी कापूस सुरू झाला, आणि सकाळी वर्ध्याला उतरले तेव्हा जिनिंग कारखान्याकडे निघालेल्या कापसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडवलेला होता. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल रस्सा ओततात हे मला ठाऊक नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट घेतली. दुकानातून गोरसपाक, म्हणजे तिथली तुपातली बिस्किटं, तोही बांधून घेतला, तुम्हीही घ्या. तो प्रवासात मोडत नाही आणि चहात बुडवला की स्वर्ग.

पवनारला जायला एसटी दर थोड्या वेळाने असते. आश्रम धाम नदीच्या काठावर उंचावर आहे आणि खाली काळ्या खडकांमधून नदी वाहते. मी गेले तेव्हा एक वयस्कर बाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. कोणी गेलं की काम हातात देण्याची तिथली रीत असावी, कारण त्यांनी काही न विचारता एक जुडी माझ्यापुढे सरकवली. निवडता निवडता मी माझा प्रश्न विचारला. उत्तर त्यांनी तेच दिलं जे मी पुस्तकांत वाचलं होतं: आत्मा मरत नाही. मी मान डोलावली, पण समाधान झालं नाही हे त्यांना दिसलं असणार. त्यांनी विचारलं, “नाव काय होतं भावाचं?” मी सांगितलं. “सतीश,” असं त्या सावकाश म्हणाल्या आणि पुन्हा मेथीला लागल्या. इतक्या वर्षांनी ते नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं, आणि मला एवढं बरं वाटलं की नदीवर जाऊन थोडा वेळ रडून घेतलं.

दुपारून देवळीची बस पकडली. खिडकीची काच नव्हती, धूळ मात्र भरपूर होती. शोभाच्या घरी मुक्काम ठरला होता. तिच्या आईने ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि सांबारवडी वाढली. आपण जिला कोथिंबीर म्हणतो तिला तिकडे सांबार म्हणतात. मी पातळ आमटीची वाट बघत बसू नये म्हणून काकूंनी ते आधीच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींकडे गेले. वाचनालय म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. बुद्धाची तसबीर, दोन कपाटं, सतरंजी, आणि दाराशी चपलांचा हा ढीग. गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवत. सुट्टीच्या दिवशी गावातली पोरं इथे वाचायला यायची. मी पुण्याहून बगळ्यासाठी आले म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून मला नीट बघितलं. “आमच्या बगळेभाऊसाठी?” म्हणाले, आणि स्वतः कपाटातून अंक काढून दिला.

तोच होता. पुढचा अंक. पान उघडलं आणि मी चक्रावलेच. संवादाच्या एकाही फुग्यात इंग्रजी नव्हतं. प्रत्येक फुग्यावर वहीच्या कागदाचा तुकडा नेमका कापून खळीने चिकटवलेला, आणि त्यावर निळ्या शाईत बारीक अक्षरात मराठी. अमेरिकेतल्या त्या शहराचं अमरावती झालं होतं. उंच इमारतीकडे बोट दाखवून कोणी म्हणत होतं, ‘थे पाय, जिनिंगची चिमणी.’ पोलीस अधिकारी ठाणेदार साहेब झाला होता आणि गुंडांना काऊन बे, काऊन बे करत होता.

गुरुजींनी समजावून सांगितलं. पोरांना पाठ्यपुस्तकात गोडी वाटेना, ही पुस्तकं मात्र हातची सोडीनात. पण इंग्रजी कोणाला वाचता येणार? म्हणून ते रोज संध्याकाळी एक पान घेऊन बसत. त्यांच्या पत्नी, रामटेकेबाई, खळ शिजवून देत. “इंग्रजी मले बी तेवढी येत नाई, ताई. अर्धं समजलं, अर्धं चित्र पाहून लिवलं.”

म्हणजे ज्याच्यासाठी एवढी वर्षं जीव टांगला, त्यातला खरा मजकूर कागदाखाली, आणि वर गुरुजींच्या मनचा. मला हसावं की रडावं कळेना. वाचायला मात्र लागले. बगळ्याचा आत्मा शरीरात परत जायला धडपडतो, पण उशीर होतो, शरीराला मूठमाती दिली जाते. वर तरंगणारी आकृती चौकटीचौकटीने फिकट होत जाते. शेवटच्या पानावर एक ट्राम कंडक्टर, ज्याला बगळ्याने कधीतरी वाचवलेलं असतं, धक्क्यावर पडलेला मुखवटा उचलून तोंडावर चढवतो. ठाणेदार विचारतो, कोण तू? फुग्यात गुरुजींचं अक्षर: ‘मी तो नाई. पण तो गेला बी नाई.’

मी ते वाक्य कितीदा वाचलं कोण जाणे. मग विचारलं की मुळात इथे काय होतं, आत्म्याबद्दल काही होतं का. गुरुजी म्हणाले, होतं. “पण आमच्या धम्मात आत्मा नाई. वडिलांनी नागपूरले दीक्षा घेतली तवापासून घरात तो शब्दच नाई. मंग लिवू काय? लय दिवस तो फुगा कोराच ठेवला होता.”

“आत्मा नाही, तर मग पुढे जातं काय?” मी जरा चिडूनच विचारलं.

त्यांनी अंक माझ्याकडून घेतला आणि दोन शेजारच्या चौकटींवर बोट ठेवलं. “हे पाहा. या चौकटीतला माणूस त्या चौकटीत चालत गेला काय? नाई गेला. कोणीतरी त्याले तिथं पुन्हा काढला. तरी आपण म्हणतो नं, हा तोच म्हणून?”

मी दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीकडे बघत राहिले. इतकी वर्षं कॉमिक्स वाचली, ती पट्टी कधी पाहिलीच नव्हती.

एवढ्यात रामटेकेबाई ओलं फडकं घेऊन आल्या. ताई एवढ्या दुरून आल्या, तर फुग्यावरचा कागद भिजवून काढा नं, खालचं वाचू द्या त्यांले, असं त्यांनी नवऱ्याला सुनावलं. गुरुजी लगेच तयार झाले. फडकं माझ्या हातात आलं. खाली खरं उत्तर होतं, बोटभर अंतरावर.

आणि तेव्हा मला आठवलं की बगळ्याला मी इंग्रजीत कधी भेटलेच नव्हते. मी लहान होते, इंग्रजी येत नव्हतं, दादाच वाचून दाखवायचा. त्याला तरी कुठे येत होतं एवढं? तोही चित्रं बघून ठोकून द्यायचा. माझा सगळा बगळ्या दादाच्या मनचा होता. मी फडकं बाईंना परत दिलं आणि म्हटलं, राहू द्या, मिळालं मला.

आमचा जुना अंक, बगळ्या मरतो तो, मी सोबत नेला होता. देवळीच्या पोरांनी नेमका तोच वाचलेला नव्हता. बगळेभाऊ मेला काऊन, हे ती गुरुजींना नेहमी विचारायची आणि गुरुजी काहीतरी थापा मारायचे. मग आम्ही दुपारभर ओसरीवर बसून त्याचे फुगे भरले. मी दादाचं मराठी सांगायचे, गुरुजी त्याचं वऱ्हाडी करायचे आणि बाई तुकडे कापून द्यायच्या. मरणाच्या चौकटीशी गुरुजी थांबले. मी म्हटलं, तिथे दादा काही वाचत नसे, नुसता पान उलटायचा. त्यांनी तिथे कोरा कागद चिकटवला. निघताना अंक कपाटात ठेवून आले, आणि गुरुजी बसपर्यंत सोडायला आले. “येजो, ताई,” एवढंच म्हणाले.

घरी पोचले तर आई गवार मोडत बसली होती. तिने पवनारचं विचारलं, शोभाच्या घरचं विचारलं. बगळ्याचं विचारणार नाही असं मी धरून चालले होते. पण गोरसपाकाचा पुडा सोडता सोडता ती म्हणाली, मग काय झालं त्याचं? मी तिला सगळी गोष्ट सांगितली, ट्राम कंडक्टरपर्यंत, गुरुजींच्याच शब्दांत. ती ऐकत राहिली. गवार बाजूला पडली होती.

“त्या दुसऱ्याने मुखवटा घातला,” तिने विचारलं, “तेव्हा त्याच्या आईला कळलं का?”

एवढा आत्म्याचा विचार केला, पण बगळ्याला आई असेल हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं, दादाच्याही नसावं. मी खरं ते सांगितलं, की त्या अंकात आई नव्हती.

“पुढच्यात असेल,” आई म्हणाली. “सतीश कुठल्या रद्दीवाल्याकडे जायचा गं?”

रविवारी आम्ही दोघी कॅम्पात गेलो.