समईच्या जागेतली जादा पुळ्ळी

शुक्रवारची संध्याकाळ. बायको ओटीवर ओल्या तांदूळपिठाचं कोलम, म्हणजे आमच्याकडची रांगोळी, घालत होती आणि मी पिठाची वाटी धरून बसलो होतो. गुडघ्यामुळे तिला एका हातानं भिंत धरावी लागे, म्हणून वाटी माझ्याकडे. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच.

मी शकुन, चमत्कार असलं काही मानणारा नाही. चौथीत शाळा सोडली, जन्मभर तंजावरात सायकली दुरुस्त केल्या. चेन तुटली तर त्याला कारण असतं. हे मी सांगतोय, मुलगी टाइप करतेय. आमचं तंजावरी मराठी, सांभाळून घ्या.

तर... मधे समईसाठी गोल जागा मोकळी. भोवती पुळ्ळ्या, म्हणजे ठिपके, आणि प्रत्येकीला रेघेचा वेढा. एकही सुटी उरायची नाही. पण हिनं त्या मोकळ्या गोलाच्या कडेला, डावीकडे खाली, एक बारकी पुळ्ळी ठेवली.

"काय गे, डोळे गेले? एक उरली."

"राहू द्या. सुटी नाही ती. तिच्याबरोबरच आहे."

"कुणाबरोबर?"

"वाटी सरळ धरा, सांडतंय!"

सकाळी ती उठलीच नाही.

सुतकात दारात कोलम घालत नाहीत. तिचं तेवढं मी टोपलीखाली झाकून ठेवलं. तेराव्याला ओटी धुवायची... माझ्यानं होईलसं वाटेना.

तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी मुलीनं मोबाइलवर फोटो दाखवला. ती मोठ्या दुर्बिणीतून चांदण्या बघायच्या कामात आहे. काळा गोल, कडेला डावीकडे खाली एक ठिपका.

"मोठी चांदणी झाकलीय, अप्पा. नाहीतर तिच्या उजेडात ही सोबतीण दिसत नाही. मोठी जराशी हलायची, म्हणून कुणीतरी ओढतंय एवढं माहीत होतं. ओढीवरून वजन कळतं, उजेडावरून वय; अशा बारक्या चांदण्या वयाबरोबर विझत जातात. दोघी एकदम जन्मलेल्या, पण ही हिशेबापेक्षा फार मंद झालीय. आमचा वयाचा हिशेबच चुकत असेल."

"तुझी अम्मा माझ्याहून लहान. आधी गेली."

मी टोपली उचलली. पोरीनं मोबाइल त्या पुळ्ळीशेजारी धरला, दोन्ही ठिपके एकाच जागी.

"अम्माला दाखवला होतास?"

"फोटोच काल आला, अप्पा."

"फोटोतली ही सुटी तर नाही ना?"

"नाही. तिच्याबरोबरच आहे."

मुलगी म्हणते, योगायोग. असेल. पण तेच शब्द कुठून आले, ते तिलाही सांगता येत नाही, मला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटी मीच धुतली. पीठ कालवलं, वाटी मुलीकडे दिली आणि कोलम घातलं. रेघा आउट गेलेल्या, डुगडुगत्या चाकासारख्या वाकड्या. समोरची अक्का हसली, "अण्णा, मधे एक पुळ्ळी उरली की!"

"राहू दे," म्हटलं. "सुटी नाही ती."