वरून खाली

माझ्या मावशीचे यजमान गवंडी होते आणि कामावर त्यांना सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहायला दोरीला बांधून जो लोखंडी गोळा सोडतात, तो ओळंबा. हे नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ठेवणाऱ्याने माणूस बरोबर ओळखला होता. काका सरळ होते. वाकायची वेळ आली तेव्हाही सरळच राहिले, आणि ते भोगलं मावशीने.

त्यांचं एकच म्हणणं असे, काम वरून खाली यायला हवं. आधी छत, मग वरच्या भिंती, मग जिना, मग खालच्या भिंती आणि सगळ्यात शेवटी फरशी. सिमेंट खाली सांडतं, पाणी खाली झिरपतं, धूळसुद्धा खालीच बसते. तरुणपणी एका मुकादमाने घाई करून त्यांच्याकडून आधी फरशी बसवून घेतली आणि वरचा गिलावा नंतर केला. फरशीची पार वाट लागली. घरमालकाने ती सगळी त्यांच्याच हातून उखडवली, तीही चार माणसांदेखत. तेव्हापासून क्रमाच्या बाबतीत काकांनी ब्रह्मदेवाचंही ऐकलं नसतं. लोकांची घरं त्यांनी अशीच वरून खाली केली आणि एकाही घरातून तक्रार आली नाही.

राहिलं ते फक्त त्यांचं स्वतःचं घर. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

घर दुमजली, पण चिंचोळं. खाली रस्त्याला लागून पुढची खोली आणि मागे स्वयंपाकघर. वर झोपायची खोली आणि घरातलं एकुलतं एक न्हाणीघर, संडासही त्यातच. मावशी पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन टाकून शिवणकाम करायची. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, पडदे, उशांचे अभ्रे असली बारीकसारीक कामं. कपडे द्यायला आलेल्या बायका तासन् तास बसायच्या आणि मनातलं सगळं ओतून जायच्या. मी तिला म्हणायचे, "मावशी, तू कपड्यांपेक्षा माणसंच जास्त उसवतेस." ती दातात दोरा धरून हसायची. तिचं सगळं जग त्या खिडकीत होतं.

मग तिचा खुबा गेला. सांधा झिजलाय, हृदय अशक्त आहे म्हणून ऑपरेशन करता येणार नाही, जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आता जिना बंद म्हणजे न्हाणीघर बंद. तेव्हा कुठे ठरलं की इतकी वर्षं रखडलेलं घराचं काम काढायचं आणि जिन्याखालच्या जागेत मावशीसाठी न्हाणीघर करायचं. त्याच संध्याकाळी काका टेप घेऊन जिन्याखाली शिरले. मावशीने मला फोन केला, "हलले बघ एकदाचे तुझे काका."

दोन दिवसांनी मी गेले तर काका छतावर.

"काका, न्हाणीघर खाली करायचंय ना?"

"करायचंच आहे."

"मग तुम्ही वर काय करताय?"

"छत गळतंय. ते पाणी भिंतीतून उतरतं आणि थेट जिन्याखाली येतं. आज तिथे फरशा लावल्या तर वर्षाच्या आत फुगून निघतील."

ते बरोबर होतं. काकांशी भांडायची हीच तर पंचाईत होती, ते नेहमी बरोबर असायचे.

दिवसा लोकांची कामं आणि संध्याकाळी घरचं, अशी त्यांची रीत. छत फोडलं तर आतल्या सळया गंजलेल्या. त्या बदलल्या, तर वरच्या भिंतींचा गिलावा हाताला लागला की गळून पडतोय. गिलावा करायचा तर आधी वायरी भिंतीत घ्यायला हव्यात. एका कामाच्या पोटातून दुसरं निघत होतं आणि न्हाणीघर आपलं रांगेत शेवटी उभं.

मी म्हटलं, दुसरा गवंडी आणू या, तो खालचं करेल.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मावशीसाठी दुसरा नवराच आणते म्हणाले. "माझ्या घरात दुसऱ्याची थापी? लोक काय म्हणतील?"

"लोक गेले खड्ड्यात! मावशीचं काय?"

"तिच्यासाठीच तर करतोय ना मी."

तोवर खाली तात्पुरती भांड्याची खुर्ची, म्हणजे कमोडची, ठेवा म्हटलं, तर तात्पुरतं केलेलं कायमचं होऊन बसतं, हे उत्तर तयार. आणि खुर्चीला मावशीही तयार नव्हती. पुढच्या खोलीचं दार रस्त्यावर उघडतं, बायका येऊन बसलेल्या. "त्यापेक्षा मरण बरं," ती म्हणाली.

मग तिने स्वतःच मार्ग काढला. सकाळी ती एकेका पायरीवर बसत, घसरत खाली यायची आणि संध्याकाळी काका तिला पाठीवर घेऊन वर न्यायचे. मधल्या सगळ्या वेळात ती काही प्यायचीच नाही. मला हे कळलं ते चहामुळे. मी केलेला चहा तिने मशीनवर ठेवला आणि तिथेच गार होऊ दिला. तिचे ओठ सुकून फुटले होते.

"तू पाणी पीत नाहीस?" मी ओरडलेच.

"हळू बोल गं. त्यांना कळलं तर घाई करतील. आणि घाईत काही बिघडलं ना, तर जन्मभर मनाला लावून घेतील."

मी अर्थातच सांगितलं. काका जिन्याची भिंत घासत होते. ऐकून त्यांचा हात थांबला, चेहरा उतरला. मग म्हणाले, "ही जिन्याची भिंत झाली की लगेच घेतो." पालथ्या घड्यावर पाणी! मला त्यांचा असा राग आला की मी चप्पल घालून चालती झाले. तो राग अजून गेलेला नाही.

जिन्याची भिंत वाळायच्या आत मावशी तापाने फणफणली. मूत्रपिंडाला संसर्ग झाला होता. ती हॉस्पिटलातून आली ती अर्धी होऊन, पायात उभं राहण्याएवढीही ताकद उरली नव्हती. तिला उचलून वरच्या खोलीत नेलं. खोली सुरेख झाली होती. पांढऱ्याशुभ्र भिंती, कुठे तडा नाही, आणि पलंगापासून न्हाणीघर चार पावलांवर.

त्या दिवशी काका आयुष्यात पहिल्यांदा आपणहून क्रम मोडायला तयार झाले. पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "बाकी सगळं राहू दे. उद्याच खालच्या न्हाणीघराला हात घालतो. तुला खाली नेतो की नाही बघ."

मावशी म्हणाली, "नको. तुमच्या क्रमाने करा. मी काही आता खाली येत नाही."

"मी उचलून नेईन."

"आणि परत वर कोण आणणार? तुमची पाठ बघा काय झालीय." मग ती माझ्याकडे वळली. "मशीन समोरच्या घरातल्या सुनेला देऊन टाक. तिचा हात चांगला आहे."

काकांना रडताना मी तेव्हा पाहिलं. आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे हलत होते.

त्यानंतर सगळं रीतसर झालं. खालच्या भिंती झाल्या, ओटा झाला, फरशी झाली. मावशी वरून विचारायची, "आज काय केलंत?" आणि काका हात न धुताच वर जाऊन सांगायचे. बायका सुरुवातीला जिना चढून येत. मग रस्त्यावरूनच हाक मारू लागल्या, आणि मग तेही कमी झालं. खिडकीशी तिच्याजवळ येणाऱ्या बातम्या वरपर्यंत पोचेनाशा झाल्या. ती दिवसभर छताकडे बघत पडून राहायची.

शेवटी जिन्याखालचं न्हाणीघर झालं. उंबरठा नाही, दार रुंद, आणि धरायची दांडी बरोबर मावशीच्या हाताच्या उंचीवर. माझी आई बहिणीला भेटायला आली होती. ते पाहून ती पुटपुटली, "बैल गेला अन् झोपा केला." काकांनी ऐकलं. ते दोन फरशांमधलं सिमेंट ओल्या फडक्याने पुसत राहिले.

मग एक उरलेली फरशी त्यांनी धुतली, कोरडी केली आणि ती घेऊन वर गेले. मी मागोमाग गेले. मावशीने फरशीवरून हात फिरवला.

"घसरत नाही ना?"

"नाही. मुद्दाम खरखरीत घेतलीय."

"बघू."

काकांना कळेना. मावशीने पायांवरची चादर बाजूला सारली. मग त्यांना कळलं. त्यांनी फरशी गादीवर, तिच्या पायाशी ठेवली, तळहाताने दाबून सारखी केली. तिचा एक पाय दोन्ही हातांत धरून तळवा अलगद फरशीवर टेकवला.

"गार आहे," मावशी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "दुसराही ठेवा."