सुमतीताईंचं फुलपात्र

मंगळवारी सकाळी सुमतीताई गेल्या. साडेनऊला त्यांच्या मुलाचा, निखिलचा, फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. तास संपवला आणि मग न्यू टाउनला त्यांच्या घरी गेले. त्याला आता सहा आठवडे झाले.

बागबाजारजवळच्या आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. ताई यजमानांच्या बँकेतल्या बदलीमुळे कलकत्त्याला आल्या आणि इथल्याच झाल्या. मी लग्नानंतर आले, नवखी, बीएडच्या पुस्तकांवर फार विश्वास असलेली. ताईंच्या टेबलावर पितळेचं एक फुलपात्र असे. वर्गाला प्रश्न विचारला की त्या ते उचलून सावकाश पाणी पीत. मुलं खिदळत, "मिस को बहुत प्यास लगती है!" मलाही तसंच वाटे.

त्या वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गात तनिमा होती. वर्षभर तिने एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. तिला पाचवीतच ठेवावं, असा शेरा मी लिहिला आणि ताईंना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "उद्या मी तुझ्या तासाला मागे बसते," एवढंच म्हणाल्या.

तास संपल्यावर त्यांनी हातातला कागद पुढे केला. "सव्वीस प्रश्न विचारलेस. एकवीस उत्तरं तूच दिलीस. अभ्यासू मुलगी आहेस हो तू!" मी रडकुंडीला आले. तेव्हा त्यांनी फुलपात्र माझ्या हातात दिलं. "अगं, मला कुठली तहान! तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही. तेवढा वेळ मुलांना मिळतो. काहींना उत्तर येत असतं, पण ते ओठांपर्यंत यायला वाट लांबची असते..."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, पंख्याखाली ओले कपडे लवकर का वाळतात? आणि पाणी प्यायले. पुढच्या बाकांवरचे हात वर झाले. मी मान हलवून त्यांना थांबवलं. एक घोट, दुसरा, तिसरा... शांतता मला सोसवेना. चौथ्या घोटाला तनिमा उभी राहिली. "पंखा भीगी हवा को भगा देता है, मिस. माँ बारिश में मेरी फ्रॉक वहीं टाँगती है." त्या दुपारी मी शेरा खोडला. तनिमा सहावीत गेली.

अर्धांगाच्या झटक्यानंतर ताईंची वाचा जड झाली. शेवटची भेटले तेव्हा निखिल त्यांच्या वतीनेच बोलत होता. "आई, चहा हवाय ना? हवाय तिला." मीही तेच केलं. "ताई, बरं वाटतंय का? वाटेल हं लवकर." ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग उशाशी ठेवलेल्या फुलपात्राकडे... मी ओशाळले. "बरं वाटतंय का, ताई?" मी पुन्हा विचारलं, फुलपात्र उचललं आणि पिऊ लागले. निखिल काही बोलणार होता, त्याला हाताने थांबवलं. पाणी संपत आलं तेव्हा ताईंचे ओठ हलले.

"अभ्यासू... मुलगी," त्या म्हणाल्या. ओठांची एक कड हसली.

तेराव्याला निखिलने ते फुलपात्र मला दिलं. त्याच्या काठाला एक पोचा आहे. आता ते पाचवीच्या वर्गात माझ्या टेबलावर असतं. रोज सकाळी मी ते भरते.