लोणखेड्यातले विलायती गरीब

तेलरंग वाळायला वेळ घेतो, आणि तो वाळेपर्यंत माणसाला दुसरं काही करता येत नाही. मग गप्पा होतात. आमच्या लोणखेड्यातल्या दुकानात किस्से साठले ते एवढ्याचमुळे. मला तर एका जागी बसवतच नाही. मी फेऱ्या मारतो, दर थोड्या वेळानं रंगाला बोट लावून बघतो आणि रतनच्या शिव्या खातो.

पूर्वी आम्ही दुकानांचे बोर्ड रंगवायचो. फ्लेक्स आले आणि आमचे ब्रश वाळत पडले. तेवढ्यात सुरतचा एक शेठ भेटला. तो परदेशातल्या हॉटेलांना जुन्या विलायती चित्रांच्या हातानं रंगवलेल्या कॉप्या पुरवतो. चित्रं कसली, तर गरिबीवरची! तिकडच्या जुन्या चित्रकारांनी बड्या लोकांची टर उडवलेली. जाडे साहेब जेवतायत आणि दाराशी हाडकुळी माणसं उभी आहेत, असला प्रकार. शेठचा नियम एकच, कॉपी मतलब कॉपी.

आम्ही तिघं. मी, माझा जुना जोडीदार रतन आणि धडगावकडचा दित्या पावरा. दित्याचा हात आमच्यापेक्षा साफ. दरवर्षी दिवाळी झाली की तो आणि त्याची बायको गमली ट्रकमध्ये बसून गुजरातेत ऊसतोडीला जायचे. यंदा शेठ म्हणाला होता, मोठं चित्र पास झालं तर वर्षभराचं काम देतो. म्हणजे कॅनव्हास ताणायला, घासायला गमलीलाही इथंच ठेवता आलं असतं. नाहीतर ट्रक होताच. दित्या मात्र निवांत रंगवत बसायचा. झोप माझीच उडालेली.

*

पहिल्याच चित्रात रतननं घोळ केला. फाटक्या कपड्यांतलं एक कुटुंब, पेटलेली चूल आणि तिच्यावर तव्यासारखं पसरट भांडं, रिकामं. रतननं त्यात मस्त फुगलेली भाकरी काढली!

मी म्हटलं, अरे बाबा, खायला काही नाही हीच तर त्या चित्राची गोम आहे. तो ऐकेना. "पेटेल चुल्हावर रिकामा तवा कोनी ठेवस का? मन्हा हातथून असा अपशकुन व्हवाव नई."

शेठनं चित्र बघितलं आणि विचारलं, "ये पापड किसने रखा?"

चित्र परत आलं याचं रतनला काही वाटलं नाही. भाकरीला पापड म्हटल्याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

*

एकदा एक ग्रामसेवक चहाला टेकले. दिवसभर सरकारी घरकुल कुणाला द्यायचं त्याच्या पाहणीसाठी फिरून आलेले, त्यामुळे डोळ्यांना तीच सवय. समोर सुकत ठेवलेलं चित्र त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गळकं छप्पर, उघडी पोरं, बरगड्या निघालेला कुत्रा.

"हाई कुटुंब घरकुलमा बसाव नई," ते म्हणाले. "खिडकीले काच शे."

दित्यानं गंभीरपणे विचारलं, कुत्र्याचं काय? कुत्रा चालतो म्हणाले.

*

दुकानाचा पत्रा गळायला लागला तेव्हा एक चित्र मी घरी नेलं. बायकोनं लगेच ते भिंतीकडं तोंड करून ठेवलं. घरात असली कळा नको म्हणाली. नेमके त्याच दिवशी म्हसावदचे पाहुणे मुलीला बघायला आले. त्यांच्यातल्या एका आजोबांना चैन पडेना. त्यांनी चित्र उलटवलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"ह्या कोन शेतस? तुम्हना भाऊबंद का?"

मी चित्र परत भिंतीकडं वळवायला धावलो. बायको पोह्यांच्या डिश ठेवता ठेवता शांतपणे म्हणाली, "नई, ह्यास्ना मामाकडला."

सोयरीक जमली. लग्नात व्याह्यांनी माझ्या मामाकडच्यांना शोधून शोधून पंगतीत बसवलं आणि आग्रह करकरून जेवू घातलं. मामांना कारण कळलं नाही, पण ते अजून त्या पाहुणचाराचं कौतुक करतात.

*

शहाद्यातल्या एका बंगलेवाल्याला ते जेवणाऱ्या साहेबांचं चित्र फार आवडलं. डायनिंग हॉलसाठी पाहिजे म्हणाला. फक्त एक दुरुस्ती सांगितली.

"दाराशी उभे आहेत ते काढा. बाकी फर्स्ट क्लास."

मी रागानं नाहीच म्हणणार होतो. रतननं मला बाहेर पाठवलं आणि दाराच्या जागी पडदा काढून दिला. बंगलेवाला आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, हे लोक आमच्या वास्तुशांतीच्या पंगतीसारखे बसलेत बघा!

*

मग ते मोठं चित्र आलं, गाडीचं. गावात गरीब नकोत म्हणून एक जाडा अंमलदार त्यांना घोडागाडीत कोंबून वेशीबाहेर हाकलतोय आणि वर स्वतःच रुमालानं डोळे पुसतोय. गाडीत माणसावर माणूस. कडेच्या फळीवर एक बाई, मांडीवर गाठोडं.

शेठ शनिवारी दुपारी बघायला येणार होता. त्याच दिवशी सकाळी ऊसतोडीचा ट्रक निघाला. दुकानाकडं जाताना तो मला फाट्यावरून सुटताना दिसला. माणसं, भांडी, कोंबड्या, सगळं खच्चून भरलेलं.

दुकानाचं शटर आधीच वर होतं. आत दित्या ब्रश धूत बसलेला. चित्र पूर्ण झालं होतं आणि काय सुंदर झालं होतं! अंमलदाराच्या डोळ्यातलं खोटं पाणीसुद्धा जसंच्या तसं. मग माझी नजर फळीवर गेली. फळी रिकामी होती. लाकडाच्या रेषासुद्धा नीट काढलेल्या.

माझं डोकंच फिरलं. "दित्या, बाई कुठंय?"

"उतरवली, भाऊ."

मी बोलायला तोंड उघडलं आणि दाराआड लक्ष गेलं. तिथं गमली कॅनव्हासला पॉलिश पेपर मारत बसली होती. शेजारी तिचं सामान. ट्रक तर गेला होता. शेठनं चित्र नाकारलं तर या दोघांना ना इथं काम, ना तिथं.

रतन म्हणाला, अजून वेळ आहे, बाई मी काढतो. त्यानं ब्रश उचललासुद्धा. मग गमलीकडं बघितलं आणि परत ठेवून दिला.

शेठ आला. मोबाईलवर मूळ चित्र उघडून तो एकेक चेहरा ताडून बघायला लागला. मला उभं राहवेना आणि बसवेना. शेवटी तो फळीपाशी थांबला.

"इधर एक औरत थी."

"उतर गई, शेठ," मी म्हणालो. कसं म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही.

शेठनं चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं. गमलीचा हात थांबला होता. त्यानं मोबाईल खिशात टाकला.

"ठीक है. लेकिन अगले पीस में गाडी फुल चाहिए."

दित्या म्हणाला, "बघतो, शेठ."