मुखपृष्ठावर एकच नाव

नव्या शतकाची पहिली वर्षं होती ती. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर इंग्लंडला आले आणि ईलिंगमध्ये एका म्हाताऱ्या इंग्रज जोडप्याच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली. आजोबा तरुणपणी आइस हॉकी खेळलेले, तेही इथे हा खेळ फारसा कुणाला ठाऊक नव्हता तेव्हा. त्यावर त्यांचं एक पुस्तकही होतं. आता जवळची लायब्ररी त्याची नवी आवृत्ती काढणार होती.

"तू कॉम्प्युटरवाली ना? मग टाइप करून दे," ते म्हणाले. जुन्या प्रतीची पानं ओलीने चिकटली होती, म्हणून त्यांनी मूळ हस्तलिखितच हातात दिलं.

वीकेंडला मी टाइप करायचे. एका मॅचमध्ये त्यांचे दोन दात पडतात, ते पान मी तीनदा वाचलं. पण ती मॅच दिसत होती प्रेक्षकांच्या बाकांवरून. खाली पडलेला माणूस उठतो की नाही, या धास्तीने कुणीतरी हातमोजा चावत होतं.

मग एकदा दारात दूधवाल्यासाठी ठेवलेली चिठ्ठी पाहिली. हस्तलिखितातलंच तिरकं अक्षर. चिठ्ठी आजींची होती.

मी तशीच किचनमध्ये गेले. "आजी, पुस्तक तुम्ही लिहिलंय?"

त्या बटाटे सोलत होत्या. "हॉकीवरचं पुस्तक बाईच्या नावाने कोण छापणार होतं? पुढच्या आवृत्तीत तुझं नाव टाकू, हे म्हणाले होते."

"हीच की ती!"

"मग त्यांना विचार."

विचारलं. "ती नुसतं उतरवून घ्यायची," आजोबा शांतपणे म्हणाले. "दात माझे पडले." आणि त्याच दमात, "तुला व्हिसासाठी घरमालकाचं पत्र हवंय ना? बघू या."

मी खोलीत जाऊन पहिल्या पानावर त्यांचं एकट्याचं नाव टाइप केलं. पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं.

लायब्ररीतल्या समारंभात आजोबांनी तासभर सह्या दिल्या. आजी चहाच्या टेबलाशी कप मांडत होत्या. आभाराच्या पानावर टायपिस्ट म्हणून माझा उल्लेख होता. तो वाचून त्या म्हणाल्या, "तुझं तरी नाव आलं." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

महिन्याभरात मी हाउन्सलोला राहायला गेले. ऑफिस जवळ पडतं, असं सांगितलं. आजोबांनी हात मिळवला. आजी बागेत होत्या, त्या आत आल्या नाहीत. मीही बागेत गेले नाही.