मशीन झालेल्या शेवंतामावशी

शेवंतामावशींना एखादा शब्द कळला नाही, की त्या हातातलं काम टाकून होत्या तिथेच मटकन खाली बसत आणि शांतपणे म्हणत, "एरर." मग तो शब्द कुणीतरी करून दाखवेपर्यंत उठायचं नाव नाही. नव्या माणसाला वाटायचं, बाईला चक्कर आली. पासलीच्या पोरांना मात्र त्याचं काहीच वाटत नसे.

पासलीची शाळा ही माझी नोकरीतली पहिली शाळा. मी भोरचा, म्हणजे काही परमुलखातला नव्हे, पण वेल्ह्याच्या पुढे डोंगरात एवढा आत कधी गेलो नव्हतो. शाळेत बावीस मुलं, एक संगणक आणि खिचडी शिजवणाऱ्या शेवंतामावशी. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, पदर कायम खोचलेला. माझ्याकडे इंग्रजी आणि संगणक हे दोन विषय होते. संगणक म्हटलं की पोरं सरसावून बसायची आणि इंग्रजी म्हटलं की सगळ्यांना एकदम तहान लागायची. म्हणून मी दोन्ही एकत्र केलं. संगणकाला सूचना द्यायच्या, पण साध्या इंग्रजीत: टेक, पुट, ओपन, रिपीट. कल्पना माझ्या मते झकास होती. फक्त तिला वीज लागत होती, आणि ती भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे पाहुण्यासारखी यायची.

एकदा अशीच ऐन तासाला वीज गेली. पोरं हिरमुसली, मी वैतागलो. तेवढ्यात स्वयंपाकाच्या खोलीच्या दारातून आवाज आला, "सर, मी व्हते की मशीन. सांगा काय करायचं."

मला वाटलं, थट्टा चाललीय. पण मावशी हात पुसत वर्गात आल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. "पर मशीनला मराठी येत न्हाई," त्यांनी पोरांना बजावलं. "आन् मशीन आगाऊपना करत न्हाई. सांगशीला तेवढंच." पोरांनी जमेल तशी सूचना दिली: टेक बकेट, पोअर वॉटर. बकेट म्हणजे काय, पोअर म्हणजे काय, हे पोरांनी आधी करून दाखवलं. मग मावशींनी बादली उचलली आणि सगळं पाणी माझ्या पायावर ओतलं. "कुठं वतायचं ते कुनी सांगितलं?" म्हणाल्या. त्या दिवशी बावीस पोरांना 'इन' आणि 'ऑन' कायमचं समजलं. माझी चप्पल दोन दिवस ओली होती.

तेव्हापासून वीज असो नसो, आठवड्यातून दोनदा मावशी मशीन होऊ लागल्या. त्यांचे नियमही ठरले. फळ्यावर सूचना लिहायच्या, एकाने त्या मोठ्याने वाचून दाखवायच्या, आणि एकदा मशीन चालू झालं की मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. "चुकलं तर फळ्यावरचं सुधरा. वरडून मशीन ऐकत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मी महिनाभर घसा कोरडा करून जे शब्द शिकवू शकलो नसतो, ते पोरं मावशींना शिकवता शिकवता शिकली.

हा उत्साह नुसत्या गमतीचा नाही, हे मला उशिरा कळलं. एक दिवस मी स्वयंपाकाच्या खोलीत गेलो, तर डब्यांवर खडूने इंग्रजीत लिहिलेलं: राईस, सॉल्ट, दाल. सहावीतल्या हर्षदाने ते लिहून दिलं होतं. ही पोरगी अशी, की चारचौघांत एक शब्द बोलायची नाही, सगळं लिहून दाखवायची. मावशी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होत्या. मला पाहून ओशाळल्या. "दुसरीतनं काढलं मला, भावाला सांभाळाया," त्या म्हणाल्या. "आता ह्या वयात वर्गात कोन घ्यील? मशीन म्हनून तरी घेतलं पोरांनी."

आणि नेमका त्याच सुमाराला निरोप आला. संगणकाचा उपयोग होत नसेल तर तो दुसऱ्या, मोठ्या शाळेला द्यायचा. शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येणार. पोरांचे चेहरे उतरले. मावशी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मशीन गेलं की तुमचा तास गेला. तास गेला की मी बी परत नुसती चुलीपाशी."

साहेब आले आणि वीज गेली. असं व्हायचंच होतं. साहेब बंद पडद्याकडे बघत म्हणाले, "मुलं काय शिकली ते दाखवा." मी गांगरलो. पोरं गांगरली नाहीत. "मशीन हाय की," म्हणत त्यांनी साहेबांना पाटावर बसवलं आणि फळ्यावर लिहिलं: टेक स्पून. पुट राईस इन प्लेट. रिपीट. वाचून दाखवलं. मशीन चालू झालं.

पहिली पळी. दुसरी. तिसऱ्या पळीला साहेब म्हणाले, "बास." मशीनला मराठी येत नव्हतं. पाचव्या पळीला त्यांनी ताटावर हात आडवा धरला, आणि सहावी पळी थेट हातावर पडली. खिचडी कोमट होती म्हणून निभावलं. माझ्या लक्षात आलं, पोरांनी थांबायचंच लिहिलं नव्हतं. लिहिणार तरी कसं? आमच्याकडे वाढणारा कधी आपण होऊन थांबतो? पाहुण्याने हात आडवा धरायचा, तरी वर एक पळी वाढायची, ही रीतच. मावशींनी सातवी पळी भरली. मी ओरडणार होतो, पण नियम आठवला आणि गप्प बसलो. संगणक गेला, असं मी धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात हर्षदा उठली. फळ्यावर तिने आणखी एक ओळ लिहिली आणि बाजूला झाली. ती वाचून दाखवणं तिच्याच्याने होईना. मावशींनी पळी तशीच धरली, फळ्याकडे पाहिलं, ओठ हलवले. "इफ," त्या म्हणाल्या. पुढचं अक्षराला अक्षर जुळवलं. "हँड." साहेबांचा हात ताटावरच होता. "स्टॉप." आणि पळी पातेल्यात परत गेली.

साहेबांनी हात धुतला. "कितवीपर्यंत शिकलात?" त्यांनी विचारलं. "दुसरी," मावशी म्हणाल्या. "फुडचं हितं चालू हाय." साहेब हसले, आणि जाताना शेरा लिहून गेले, की संगणक याच शाळेत राहावा. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. मावशी मात्र पातेलं घासायला निघून गेल्या होत्या. मी पाहिलं, त्या डोळे पुसत होत्या. धूर झालाय म्हणाल्या. चूल कधीच विझली होती.

यंदा माझी बदली शिवऱ्याला झाली. हमरस्त्यालगतचं गाव, तिथे वीज सहसा जात नाही. पासलीतल्या शेवटच्या दिवशी मावशींनी मला पाटावर बसवून खिचडी वाढली. मला जेवण जात नव्हतं. दुसऱ्या पळीलाच मी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणालो, "मावशी, इफ हँड, स्टॉप."

त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पळीभर खिचडी वाढली.

"सर, आज मशीन बंद हाय."